खुंट्या

तंबूला आठ खुंट्या लागतात.
काश्यपीच्या काठावर पिशवी उपडी केली
तेव्हा निघाल्या चार,
शिवाय साबणाची चपटी वडी
आणि शाल्मलीच्या गणिताच्या वहीचं ते पान
जे हरवलंय असं तिनं बाईंना शपथेवर सांगितलं होतं.

सुधन्वानं माझ्याकडे बघितलं, मी ओजसकडे,
ओजसनं धरणाकडे.
चार वर्षांचं माणूस इतकं मन लावून पाणी बघायला लागलं
की समजून जावं.

गिरणारे येईतो तीनदा गाडी थांबवलेली.
एकदा खऱ्या शूसाठी, एकदा खोट्या,
एकदा पुढच्या पिकअपमधले टोमॅटो
मोजायचे राहिले म्हणून.
मागच्या सीटवर माझ्या ओढणीची सरहद्द,
अंगठा कुणाचा आधी पलीकडे गेला
याचा निकाल अजून लागायचाय.

तर खुंट्या चार.
उरलेले कोपरे बांधले बुटांच्या नाड्यांनी,
दगडांनी,
आणि एक चक्क कुकरच्या दांड्याला.
सुधन्वा अंबडला स्विचगिअरच्या कारखान्यात क्वालिटी बघतो.
तंबूभोवती तो दोन फेऱ्या मारून आला,
खिशात लाल शिक्का चाचपल्यासारखा,
म्हणाला, "चालेल. वारा नको फक्त."

वारा आला.
जानेवारीतला, हाडांशी जुनी ओळख असलेला.
खिचडी अर्धी आम्ही खाल्ली, अर्धी
चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांसकट
शाल्मलीनं एका कुत्र्याला वाढली.
कुत्रा आमचा नव्हता.
त्यानंतर झाला.

मग तंबूत, चार माणसं आणि आठ ढोपरं
एका चादरीखाली मावत नाहीत हे कळल्यावर
अंधारातून ओजस:
"इथला वॉचमन कुठाय?"
इथे नसतो रे.
"मग शिट्टी कोण मारणार?"

पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीत
गावितकाका तासातासाला शिट्टी मारत फिरतात.
मी दर वेळी दचकून जागी होते,
मनात दोन शब्द बोलते, कूस बदलते.
त्याच शिट्टीवर हे पोर झोपतं
हे मला आत्ता कळत होतं,
घरापासून इतक्या लांब,
पाठीखाली खडा रुतत असताना.

सुधन्वानं तोंडात दोन बोटं घातली. नुसती हवा.
पुन्हा हवा.
शाल्मली हसून हसून तंबूबाहेर लोळली.
शेवटी कुकरची शिट्टी काढून ओठांना लावली
आणि फुंकली:
म्हाताऱ्या बदकासारखा काहीतरी आवाज झाला.
कुत्र्यानं ओ दिली.
ओजस म्हणाला, "हां,"
आणि झोपला.

पण गावितकाका तासातासाला मारतात ना.
म्हणून माझी शाल पांघरून
क्वालिटी इन्स्पेक्टर दगडावर बसून राहिला.
अकरा. बारा. एक.
दोनला त्याला आत पाठवलं,
तिसरी पाळी मी घेतली.
पलीकडच्या काठावर कुणाचा तरी एकच दिवा,
पाणी इतकं गप्प
की आपणच काही बोलून बसू अशी भीती.
तीन वाजले. आत सगळे घोरत होते.
ऐकणारं कुणी नव्हतं.
तरी मी फुंकली.

सोमवारी डबा, एकच मोजा, खाली व्हॅनचा हॉर्न,
आणि डाळ शिजेना, कारण शिट्टी
सुधन्वाच्या खिशात, अंबडला.
चिडून झाडांना पाणी घालायला गेले.
कढीपत्त्याच्या कुंडीत
एका रांगेत चार खुंट्या पेरलेल्या,
उशाला आइस्क्रीमची काडी,
माती रोज पाणी मिळाल्यासारखी ओली.

"ओजस!"
तो आला, एका पायात मोजा,
कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मीच काहीतरी बिघडवलंय असं.
"मोठा तंबू येणार होता," म्हणाला.
"तुम्हीच घाई केली."

व्हॅनवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला.
तांब्यात थोडं पाणी उरलं होतं.